ऊब राहिली, आवाज गेला

ती. आप्पांच्या सेवेशी,

जावयाचा वाकून, आणि या खेपेला नेहमीपेक्षा चार बोटं जास्तच वाकून, नमस्कार. आपण इकडे यायला बॅग भरून ठेवली असेल तर ती आधी रिकामी करावी, स्वेटर पुन्हा कपाटात ठेवावेत, खुर्चीत नीट बसावं आणि मगच पुढे वाचावं. आपल्या मुलीचा आवाज सापडला. घरातच होता.

आपला गुडघा कसा आहे? डोळ्यांत थेंब दोन्ही वेळा घालता की एकदाच घालून दोनदा घातले असं सांगता? (हा प्रश्न माझा नाही, तिचा आहे. मी असं विचारणार नाही. ती स्वतःच लिहिणार होती, पण आत्ता ती शेजारच्या खोलीत गाते आहे आणि तिला थांबवायची माझी छाती नाही.) आम्ही दोघं खुशाल आहोत. माझ्या उजव्या खांद्याला थोडी सूज आहे, तिचं कारण पुढे येईल.

आधी माफी मागतो. मागच्या पंधरवड्यात मी आपल्याला सात ओळींचं पत्र टाकलं, त्यात 'हिचा आवाज गेला, डॉक्टरांना काही सापडत नाही, आपणच सांगा' एवढाच मजकूर होता. ऐंशीच्या घरातल्या माणसाला, तेही ज्यानं तिला सहाव्या वर्षापासून मांडीवर बसवून सूर शिकवला त्याला, असं पत्र पाठवतात का? पाठवत नाहीत. पण त्या दिवशी माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. शिवाय त्या पत्रात मी एक गोष्ट लिहिली नव्हती, कारण ती गोष्ट आणि आवाज यांचा काही संबंध असेल हे मला तेव्हा माहीतच नव्हतं. ती गोष्ट म्हणजे पडदे.

आपण आमची गाण्याची खोली पाहिली आहे. कोपऱ्यावरची, उंच छताची, दोन भिंतींत मिळून तीन मोठ्या खिडक्या, खाली फरशी, आणि सामान म्हणावं तर पेटी आणि भिंतीलगतचा बाक. उन्हाळ्यात तिथं बसलं की माणूस खूश होतो. थंडीत त्याच खोलीत विद्यार्थिनी हातमोजे घालून येतात आणि पेटी वाजवायच्या आधी त्या पेटीच्या भात्यावर हात चोळून घेतात. खिडकीखालचा हीटर दिवसभर चालू असतो, पण तो आमच्यासाठी चालतो की रस्त्यावरून जाणाऱ्यांसाठी, हे मला बरेच दिवस कळत नव्हतं. मग एका रविवारच्या पुरवणीत वाचलं, की घरातली ऊब खिडकीच्या काचेतून भसाभसा बाहेर जाते, आणि जाड पडदे लावले तर ती बरीच अडते. आप्पा, मी वजनमापांचा निरीक्षक आहे. तीस वर्षं दुकानादुकानांतले तराजू तपासतोय. 'भसाभसा' हे काही माप नव्हे. म्हणून मी एक थर्मामीटर आणला, खोलीत पाच ठिकाणी ठेवून पाहिला आणि वहीत नोंदी केल्या. खिडकीजवळ आणि दाराजवळ सहा अंशांचा फरक निघाला. कुठल्या दुकानदारानं एवढा फरक ठेवला असता तर मी त्याचा काटा जप्त केला असता. स्वतःच्या घरात कोणाचं काय जप्त करणार?

मी कार्यालयातली शिक्का मारलेली पोलादी पट्टी घरी आणून खिडक्या मापल्या आणि शिंप्याकडे गेलो. हा शिंपी फक्त पडदे आणि गाद्यांच्या खोळी शिवतो, माणसांचे कपडे शिवत नाही, कारण (हे त्याचंच म्हणणं) खिडकी कधी 'काखेत घट्ट होतंय' म्हणून परत येत नाही. माझी मापं पाहून तो म्हणाला, "साहेब, हे खिडकीचं माप झालं. पडद्याचं कुठाय?"

"खिडकीएवढाच पडदा ना?"

"मग तो पडदा नाही, झाकण. चुण्या कशाच्या पाडू? बाजूनं वारं आत येईल ते वेगळंच."

एक पोलादी पट्टीवाला निरीक्षक एका शिंप्याकडून मापात पकडला गेला, ही बातमी कार्यालयात पोचू नये म्हणून मी मुकाट्यानं दुप्पट कापड सांगितलं. आणि एकदा दुप्पट म्हटल्यावर मला चेव चढला. बाहेरून मखमल, आतून अस्तर, मधे ब्लँकेटचं कापड. खिडकीपुरते कशाला, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. छतापासून थेट जमिनीपर्यंत. ते पडदे घरी आले तेव्हा दोन माणसांनी उचलून आणले, आणि एक दांडी तर लावल्या लावल्या वाकली.

पहिला आठवडा फजितीचा गेला. पडदे जमिनीपर्यंत, हीटर खिडकीखाली, म्हणजे हीटर पडद्याच्या मागे. सगळी ऊब पडदा आणि काच यांच्यामधे कोंडली. खोलीत पूर्वीपेक्षा जास्त गारठा, आणि खिडकीच्या कठड्यावरच्या कुंडीतलं ते काटेरी रोप, जे चार वर्षं मेल्यासारखं बसून होतं, त्याला फूल आलं. ही म्हणाली, "अहो, झाडाला लावलात का पडदे?" मी पुन्हा शिंप्याकडे. त्यानं पडदे कठड्यापर्यंत आखूड केले, मी वरच्या दांडीवर एक फळी ठोकली म्हणजे गरम हवा वरून मागे शिरू नये, आणि कडा भिंतीला चिकटवून टाकल्या. मग मात्र, पडदे दिवसरात्र ओढलेले ठेवल्यावर, खोली बदलली. थर्मामीटर चौदावरून एकोणीसवर गेला. विद्यार्थिनींनी हातमोजे काढले. आमच्या हिनं शाल काढून बाकावर ठेवली आणि म्हणाली, "जमलं हो तुम्हाला." लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली आप्पा, हे वाक्य मी आजवर मोजून तीनदा ऐकलं असेल. मग काय, मी थांबतोय होय. आखूड करताना उरलेलं कापड दाराला लावलं, बाकामागच्या भिंतीवर एक गोधडी टांगली, आणि फरशीवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत जाड गालिचा घातला. एकवीस अंश.

त्यानंतर दहाएक दिवसांनी ती शिकवणी संपवून स्वयंपाकघरात आली आणि नुसती उभी राहिली. "आज आवाज लागत नव्हता," म्हणाली. मी म्हटलं थकली असशील. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ती म्हणाली की सूर तोंडातून निघतो आणि दोन हातांवर पडतो, पुढे जातच नाही. पूर्वी एक सूर सोडला की तो खोलीत फिरून परत यायचा आणि ती त्याच्यावर दुसरा ठेवायची. आता सगळं तिलाच ओढावं लागत होतं. ती जोर लावायला लागली. जोर लावल्यानं घसा खरंच दुखायला लागला. मग दुखतोय म्हणून काळजी, आणि काळजीनं आणखी जोर.

एक दिवस ती म्हणाली पेटीचाही आवाज बसलाय. हे ऐकून खरं तर माझ्या टाळक्यात उजेड पडायला हवा होता. माणसाचा घसा आणि पेटी एकाच आठवड्यात कशी आजारी पडतील? पण मी काय केलं, पेटी दुरुस्त करणाऱ्याला बोलावलं. त्यानं पेटी उघडली, एकेक सूर पुसला, भात्यातून शर्टाचं एक बटण आणि कोणा विद्यार्थिनीची केसांची पिन काढली, आणि शपथेवर सांगितलं की पेटी निरोगी आहे. "दुकानात आणा, तिथं वाजवून दाखवतो," असंही म्हणाला तो. आम्ही नेली नाही. ही म्हणाली, "पेटीला काही झालं नाही म्हणजे माझ्या कानांनाही झालंय."

मग घशाचे डॉक्टर. त्यांनी आरसा घातला, दिवा घातला, 'आ' म्हणायला लावलं, आणि म्हणाले, "बाई, असा घसा मी वर्षातून एखादा पाहतो. उत्तम आहे." कोणीही हे ऐकून आनंदानं घरी गेलं असतं. आपली मुलगी जिन्यात थांबली आणि मला म्हणाली, "एवढं गोड बोलले म्हणजे नक्की काहीतरी लपवतायत." ती डॉक्टरांच्या चेहऱ्यावर जे पाहत होती ते तिथं नव्हतं. मी बाहेरून पाहत होतो, मला कळायला हवं होतं. पण भीती एकाला लागली की दुसऱ्यालाही लागते.

आता पुढचं लिहिताना मला गंमत सुचत नाही, तेवढ्यापुरतं चालवून घ्यावं. त्याच रविवारी दुपारी मी खोलीत गेलो तर ती जमिनीवर बसून आपल्या गाण्याच्या वह्या लावत होती. आपण लिहून दिलेली जुनी निळी वही सगळ्यांत वर होती. मी विचारलं, काय चाललंय. तर म्हणाली, "थोरलीला देऊन टाकते." (थोरली म्हणजे तिची सगळ्यांत जुनी विद्यार्थिनी, आता स्वतः दोन मुलांची आई आहे.) "बाकीच्या दहाजणींनाही तीच शिकवेल. मी विचारलंय तिला." मी म्हटलं, असं काय करतेस, डॉक्टर तर म्हणाले. त्यावर ती अगदी शांतपणे म्हणाली, "वय झालं हो. कधीतरी जाणारच होता. आप्पांना सांगू नका एवढंच." मी काय केलं ते आपल्याला माहीतच आहे. तासाभरात सात ओळी लिहून टपालपेटीत टाकल्या.

आपला हुकूम उलट टपाली आला: एकवीस दिवस पूर्ण मौन, सकाळ-संध्याकाळ वाफ, आणि आपण स्वतः महिनाअखेर निघताय. हुकूम आपला म्हटल्यावर तिनं तो अक्षरशः पाळला. गळ्यात दोरी बांधून पाटी अडकवली आणि त्यावर लिहून बोलायला लागली. आप्पा, आपल्या मुलीला मी अठ्ठावीस वर्षं 'जरा हळू बोल' म्हणत आलोय. ते शब्द मी मागे घेतो. पाटीवर 'दूध उतू जातंय' असं लिहून होईपर्यंत दूध उतू जाऊन गॅसही विझलेला असतो. पण ते हसण्यावारी नेता येतं. संध्याकाळी पाच वाजता, शिकवणीच्या वेळेला, ती सवयीनं त्या खोलीत जाऊन बाकावर बसायची आणि हात मांडीवर ठेवून नुसती बसून राहायची. एकवीस अंश तापमानात.

नवव्या दिवशी खोलीत मला कुबट वास आला. पडदा बाजूला करून पाहतो तर काच घामेजलेली, पाणी कठड्यावर उतरलेलं, आणि अस्तरावर खालून वीतभर काळी बुरशी. जाड पडद्यामागे काच थंडगार राहते, खोलीतली दमट हवा कडेकडेनं तिथं पोचते आणि तिचं पाणी होतं. पुरवणीत हे लिहिलं नव्हतं (की पुढच्या पानावर होतं आणि मी ते पान थर्मामीटर गुंडाळायला वापरलं?). मग काय, पडदे धुलाईला देणं भाग पडलं. धुलाईवाल्याचा माणूस दुपारी आला, मी दोन खिडक्यांचे पडदे, दाराचं कापड, गोधडी, पाण्यानं भिजला होता म्हणून गालिचासुद्धा गुंडाळून त्याच्या गाडीत दिला. तिसरा पडदा तेवढा राहिला. तो काढायला मी स्टुलावर चढलो. ही दारात येऊन उभी राहिली आणि पाटीवर काहीतरी लिहायला लागली. (नंतर पाहिलं. 'स्टूल हलतंय' असं होतं. 'हलतं'पर्यंत लिहून झालं होतं.)

स्टूल गेलं. मी उजव्या हातानं दांडी धरली आणि लोंबकळलो. पडदा सगळ्या कड्यांसकट माझ्या अंगावरून खाली गेला. आणि ही नऊ दिवसांचं मौन मोडून ओरडली, "अहो!"

आप्पा, ते 'अहो' खोलीभर फिरलं. काचेवर गेलं, छताला लागलं, फरशीवरून परत आलं आणि शेवटचा 'ओ' कितीतरी वेळ वर तरंगत राहिला. मी लोंबकळत होतो, पण मलाही ऐकू आलं. ती दारात तशीच उभी. मग हळूच, जरा खालच्या पट्टीत, पुन्हा म्हणाली, "अहो." तेही परत आलं. मग तिनं डोळे मिटले आणि नुसता सूर लावला. आपल्याला सांगायला नको, तो जो तिचा मधला सूर आहे, आपण ज्याला 'हिचा गाभा' म्हणता. तो लागला, फिरला, परत आला. ती वर गेली. आणखी वर गेली. तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि आवाज मात्र जरासुद्धा हलत नव्हता.

मी काय करावं? खाली उडी मारली तर धप्प आवाज होईल आणि तिचा सूर मोडेल. "स्टूल दे" म्हणावं तर ते त्याहून वाईट. म्हणून मी दांडी धरून लोंबकळत राहिलो. किती वेळ ते सांगता येत नाही, माझं घड्याळ त्याच हातावर होतं. खांद्याची सूज ती ही. शेवटी ती थांबली, डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "तुम्ही अजून वरच?"

मग मी खाली उतरून स्टुलावर बसलो, ती जमिनीवर बसली, आणि आमच्या दोघांच्या टाळक्यात एकदम उजेड पडला. तिनंच आधी म्हटलं, "पडदे." मी म्हटलं, "आणि गालिचा." ती म्हणाली, "आणि गोधडी. आणि दाराचं कापड. अहो, तुम्ही मला कापसात गुंडाळून ठेवलंत!" मी मान खाली घातली. मला वाटलं आता भडका उडणार, आणि उडाला असता तरी मी तोंड उघडलं नसतं. पण ती हसायला लागली. नऊ दिवसांचं साठलेलं हसू होतं ते, थांबेना. मध्येच तिनं निळी वही थोरलीसाठी काढलेल्या वह्यांमधून उचलली, पदरानं पुसली आणि पुन्हा कपाटात जागेवर ठेवली. थोरलीला त्याच संध्याकाळी निरोप गेला. ती म्हणे सुटकेनं रडली, कारण तिला कोणालाच शिकवायचं नव्हतं, तिला फक्त शिकायचं होतं.

पडदे धुऊन आल्यावर आम्ही रीतसर चाचणी घेतली (यात माझा हात कोणी धरणार नाही). एक पडदा ओढून ती गायली, दोन ओढून गायली, तिन्ही ओढून गायली आणि तिथं थांबून म्हणाली, "बस, हाच तो चोर." आता व्यवस्था अशी आहे. दिवसा ऊन असतं तोवर पडदे उघडे, कारण येणारं ऊन म्हणजेही फुकटची ऊबच असते. पाचला शिकवणी, तेव्हाही उघडे, दुमडून कोपऱ्यात बांधलेले. शिकवणी संपली की खिडक्या दोन मिनिटं सताड उघडून दमट हवा बाहेर घालवायची, कापडानं काच पुसायची आणि तिन्ही पडदे कडेपर्यंत ओढून घ्यायचे. गालिचा आमच्या झोपायच्या खोलीत गेला. गोधडी जिथं असायला हवी तिथं, म्हणजे माझ्या अंगावर. शिकवणीच्या वेळी सोळा अंश असतात. विद्यार्थिनी पुन्हा हातमोजे घालून येतात आणि कोणीही तक्रार करत नाही. काल एकीनं विचारलं, बाईंचा आवाज इतके दिवस कुठं गेला होता? ही म्हणाली, "धुलाईला."

डॉक्टरांना मी जाऊन सांगून आलो. ते म्हणाले, मी म्हटलंच होतं. पेटी दुरुस्त करणाराही तेच म्हणाला. शिंपी मात्र म्हणाला, "मला विचारलं असतंत तर सांगितलं असतं. माझ्या दुकानात रेडिओ कधीच ऐकू येत नाही."

आता आपण काळजी करू नये, रात्री नीट झोपावं. आपला हुकूम मोडल्याबद्दल तिच्या वतीनं क्षमा मागतो. आपल्या घरीही थंडी असेलच, तर पडदे जरूर लावावेत, फक्त हीटर झाकू नये. वडीलधाऱ्यांना नमस्कार लिहायचा तर आता आपल्याहून वडील कोणी उरलं नाही, तेव्हा तोही आपल्यालाच.

आपला नम्र
जावई

ता. क. हे सगळं लिहिलं ते खरंच, पण पत्र ज्यासाठी लिहायला घेतलं ते राहिलं. आपल्याकडे एक विनंती आहे. मौनाच्या दिवसांत घर इतकं गप्प झालं होतं की ते सहन न होऊन मी दाढी करताना गुणगुणायला लागलो. ती बोलत नव्हती, पण कान उघडे होते. आता तिचं म्हणणं आहे की माझा आवाज 'अगदीच टाकाऊ नाही' आणि रविवारपासून मी आठ वर्षांच्या दोन मुलींबरोबर बाकावर बसायचं. मी नाही म्हटलं, तर म्हणाली, "मला नऊ दिवस मुकं केलंत." ती फक्त आपलंच ऐकते. तेव्हा कृपा करून 'जावईबापूंचा गळा शिकवण्याजोगा नाही' असं दोन ओळींचं स्पष्ट पत्र आपल्या अक्षरात रविवारच्या आत पाठवावं.

ता. क. च्या खाली आणखी एक. पत्र टाकायचं राहून गेलं आणि रविवार येऊन गेला. पहिला धडा झाला. एकच सूर, वीस मिनिटं. त्या दोन मुलींना तो लगेच लागला. मला शेवटी शेवटी एकदा लागला, क्षणभरच, पण खोलीत फिरून परत आला. हिनं पेटीवरचा हात उचलला आणि म्हणाली, "ऐकलंत? हा तुमचा." तेव्हा आप्पा, वर मागितलेलं पत्र पाठवू नये. खालच्या मजल्यावरच्या बाई आज जिन्यात भेटल्या होत्या. फार आपुलकीनं विचारत होत्या, ते जाड पडदे दिवसाही लावायला पुन्हा कधी सुरुवात करणार म्हणून.